इंदूरात स्कूटर घरी ठेवून बसनं जायचं म्हटलं, तर नेमकं कुठे अडतं?

राजेंद्रनगर_फाटा (धागाकर्ता)

बीआरटीएस (बससाठी रस्त्याच्या मधोमध राखीव लेन) आली आणि काढलीही, मेट्रोचा पहिला तुकडा सुरू झाला, पेट्रोल शंभराच्या वर जाऊन बरीच वर्षं झाली. तरी सकाळी साडेनऊला भंवरकुआ चौराह्यावर उभं राहिलं की डोळ्यांना दिसतात त्या स्कूटर आणि मोटरसायकलीच. "लोकांनाच सवय नाही" म्हणून हा विषय नेहमी मिटवला जातो. मला ते पटत नाही. माणूस हिशेबी असतो, आणि त्याचा हिशेब बहुतेक वेळा बरोबर असतो.

मुद्दाम सोपा प्रवास घेऊ. राजेंद्रनगर ते विजयनगर, सरळ एबी रोड (आग्रा-मुंबई रस्ता), साधारण १२ किलोमीटर. स्कूटरनं गर्दीच्या वेळी ३५ ते ४० मिनिटं, दारापासून दारापर्यंत. बसनं जायचं तर थांब्यापर्यंत चालत ८ मिनिटं, वाट पाहण्यात १०, बसमध्ये ५०, उतरून चालत ७. एकूण सव्वा तास. म्हणजे बसमध्ये बसल्यावर वाया जाणारा वेळ दहा-पंधरा मिनिटांचाच आहे. उरलेली २५ मिनिटं बसच्या बाहेर, रस्त्यावर जातात. सुदामानगरहून निघून मध्ये एक बस बदलावी लागली तर हा बाहेरचा वेळ दुप्पट होतो.

माझं म्हणणं असं की इंदूरात बसची स्पर्धा कारशी नाहीच, स्कूटरशी आहे, आणि ती बाहेरच्या २५ मिनिटांत हरते. जाणकारांनी आकड्यांसह लिहावं. "सरकार काही करत नाही" एवढाच प्रतिसाद कृपया नको.

वेळापत्रक

चांगला धागा. वाट पाहण्याचा हिशेब नीट मांडतो, कारण सगळं तिथेच अडकलंय.

दर १० मिनिटांनी बस असं फलकावर लिहिलेलं असतं. माणूस केव्हाही थांब्यावर आला तर सरासरी ५ मिनिटं वाट पाहावी लागेल, हे झालं कागदावर. प्रत्यक्षात दोन बस पाठोपाठ येतात आणि मग १९ मिनिटं काही नाही. तासाला बस तितक्याच, सहाच. पण सरासरी वाट ५ वरून ९ मिनिटांवर जाते, कारण बहुतेक लोक त्या मोठ्या खिंडारातच थांब्यावर येतात. बस एकही कमी न होता वाट जवळपास दुप्पट.

हे जोडीनं येणं ड्रायव्हरच्या आळसामुळे होत नाही. पुढची बस एका सिग्नलला दोन मिनिटं अडकली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं जमलेली असतात. ती चढायला जास्त वेळ, म्हणून ती आणखी मागे पडते. मागच्या बसला माणसं कमी मिळतात, ती भराभर पुढे येते. गीताभवन येईतो दोघी एकमेकींना चिकटतात, पुढची खचाखच आणि मागची रिकामी.

उपाय माहीत असलेला आहे. मार्गावर दोन-तीन नेमक्या ठिकाणी लवकर आलेल्या बसला धरून ठेवायचं, आणि शेवटच्या थांब्यावर धावण्याच्या वेळेच्या १० ते १५ टक्के इतकी मोकळी मिनिटं ठेवायची म्हणजे उशीर पुढच्या फेरीत उतरत नाही. यासाठी नवी बस लागत नाही, जीपीएसच्या पडद्यासमोर बसलेला आणि ड्रायव्हरला थांबवायचा अधिकार असलेला माणूस लागतो. पडदा बऱ्याच ठिकाणी असतो, अधिकार नसतो.

स्नेहनगर

पण मुळात बसेसच कमी आहेत ना? केंद्राच्या नगरविकास खात्याचा सर्वांत वरचा निकष दर हजार लोकांमागे ०.६ बस असा आहे. २०११ च्या जनगणनेत इंदूर साडेएकोणीस लाखांच्या वर होतं. त्या जुन्या आकड्यानंही ११७० पेक्षा जास्त बस लागतात. शहराच्या आत धावणाऱ्या बस याच्या निम्म्यालाही पोहोचत नाहीत, आणि शहर तर तेव्हापासून बायपासपर्यंत पसरलंय. मग धरून ठेवायचं तरी काय?

वेळापत्रक

कमी आहेतच. पण नुसत्या बस वाढवल्या तरी त्या कुठे विरघळतात ते बघा. तोच १२ किलोमीटरचा मार्ग. बस ताशी १६ च्या वेगानं गेली तर एका बाजूला ४५ मिनिटं. दोन्ही बाजू ९०, दोन्ही टोकांना १०-१० मिनिटं थांबा, एकूण फेरा ११० मिनिटांचा. दर १० मिनिटांनी बस हवी तर ११ बस लागल्या. आता ट्रॅफिकमुळे वेग ताशी १२ वर आला. एका बाजूला ६० मिनिटं, फेरा १४० चा, बस लागल्या १४. तीन नव्या बस घेतल्या आणि थांब्यावरच्या माणसाला काहीच फरक पडला नाही. नाही घेतल्या तर त्याच ११ बसमध्ये दर पावणेतेरा मिनिटांनी एक.

शिवाय दर दहा बसमागे एखादी वर्कशॉपमध्ये असणार, ती यात धरलेलीच नाही. म्हणून म्हणतो, सिग्नलवर वाचवलेलं एकेक मिनिट म्हणजे विकत न घ्यावी लागलेली बस.

उजवं_दार

वेगाचा विषय निघालाच आहे तर बीआरटीएसबद्दल लिहितो, कारण ती काढल्यानं काय बदललं हे फारसं कुणी तपशिलात बोलत नाही.

१० मे २०१३ ला आय-बस, म्हणजे बीआरटीएसच्या लेनमधली बस, सुरू झाली, निरंजनपूर ते राजीव गांधी चौक, साडेअकरा किलोमीटर. नोव्हेंबर २०२४ मध्ये बीआरटीएस काढण्याची घोषणा झाली, फेब्रुवारी २०२५ मध्ये हायकोर्टाची परवानगी मिळाली आणि रेलिंग निघायला लागली. लोकांना वाटतं फक्त लेन गेली. लेनबरोबर तीन गोष्टी गेल्या.

एक, स्टेशन रस्त्याच्या मधोमध होती, म्हणून त्या बसचं दार उजवीकडे. तीच बस डाव्या कडेला लावायची तर माणूस उतरणार भर वाहतुकीत. म्हणून डाव्या दाराच्या बस हव्यात किंवा बॉडीत बदल हवा. बॉडीतला बदल म्हणजे पत्रा कापून दार बसवणं नाही. दाराच्या जागी फ्रेमचे खांब असतात, हवेच्या दाबावर चालणाऱ्या दाराची नळी आणि सिलिंडर फिरवावे लागतात, सीट हलतात, आणि मग फिटनेस तपासणी पुन्हा.

दोन, तिकीट स्टेशनवरच व्हायचं. आता कंडक्टर आत काढतो.

तीन, प्लॅटफॉर्म आणि बसचा तळ एका पातळीत होता. आता पायऱ्या चढायच्या.

दुसऱ्या-तिसऱ्याचा परिणाम मोजता येतो. सपाट चढण आणि रुंद दार असेल तर माणसामागे एक-दीड सेकंद लागतो. पायऱ्या, अरुंद दार, सुटे पैसे असले की तीन ते चार. थांब्यावर दहा माणसं चढली तर पंधरा सेकंदांऐवजी पस्तीस. असे वीस थांबे धरले तर सात मिनिटं नुसती दारातच गेली. वर वेळापत्रकनं दिलेल्या हिशेबात ती घाला, म्हणजे एक-दीड बस तिथेच खर्ची पडते.

लेन परत येणार नाही असं धरूनही यातलं बरंचसं परत मिळवता येतं. पास आणि कार्डवाल्यांना दोन्ही दारांनी चढू द्यायचं, मशीन दोन्ही दारांशी, आणि गर्दीच्या पाच-सहा थांब्यांवर खालीच तिकीट काढणारा माणूस. सर्वांत स्वस्त सुधारणा हीच आहे.

जवाहरमार्ग

उजवं_दार, माहिती छान, पण बीआरटीएसचा एवढा पुळका नको. ती एका रस्त्यावर होती. राजवाड्याला जाणाऱ्या, मल्हारगंज, बडा गणपती, अन्नपूर्णा भागातल्या माणसाला तिचा उपयोग काय होता? तिथे १२ मीटरची बस वळतच नाही.

ई-रिक्षा आणि मॅजिकला (शेअरनं चालणाऱ्या छोट्या व्हॅनला) सगळे शिव्या देतात, त्यांचंही गणित समजून घ्या. एका मार्गावर तासाला ४० माणसं आहेत. ४० आसनांची बस लावली तर तासाला एक, सरासरी वाट ३० मिनिटं. चार माणसांच्या दहा ई-रिक्षा लावल्या तर दर ६ मिनिटांनी एक, वाट ३ मिनिटं. लोक ई-रिक्षात बसतात ते ह्यामुळे. जुन्या शहरात मोठ्या बसचा हट्ट म्हणजे लोकांना स्कूटरकडे ढकलणं.

वेळापत्रक

मान्य, अगदी खरं आहे. एकच भर. ई-रिक्षाचं हे गणित तासाला शे-दीडशे माणसांपर्यंत चांगलं चालतं. ८०० माणसं झाली की २०० ई-रिक्षा लागतात, म्हणजे दर १८ सेकंदांनी एक, आणि ती सगळी राजवाड्यासमोर वळणार. म्हणून मुख्य रस्त्यावर मोठी बस, मधल्या रस्त्यांना ७ ते ९ मीटरची मिडी, आणि गल्ल्यांना ई-रिक्षा, पण ठरलेल्या मार्गावर. आज तिघंही त्याच मुख्य रस्त्यावर त्याच माणसाच्या मागे आहेत आणि गल्लीत कुणीच नाही.

लोकमान्यनगर_ताई

इथे सगळे मिनिटं मोजताहेत. मी मिलिमीटर मोजते, कारण साठीच्या पुढच्या बायका बस का सोडतात ते तिथे कळतं.

बसच्या तळाच्या तीन उंची असतात: लो-फ्लोअर ४००, सेमी लो-फ्लोअर ६५०, साधी ९०० मिलिमीटर. फुटपाथची कड १५० ची असली पाहिजे, त्याहून उंच नको, असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक सांगतं. लो-फ्लोअर बस कडेला चिकटून उभी राहिली तर चढायला उरतात २५० मिलिमीटर, म्हणजे घरातल्या जिन्याच्या पायरीपेक्षा थोडंच जास्त. तीच बस कडेपासून दीड मीटर लांब उभी राहिली तर माणूस आधी रस्त्यावर उतरतो आणि मग ४०० चढतो. गुडघे दुखणाऱ्या बाईला हा फरक पुरे होतो. महागडी बस घेतली आणि दीड मीटरनं तिचा उपयोग घालवला.

बस लांब का उभी राहते? थांब्यासाठी रस्ता आत कापून खाच केलेली असते. तिच्यात ई-रिक्षा, ठेले आणि फळवाल्याची गाडी. खाच अगदी रिकामी असली तरी ड्रायव्हर पूर्ण आत जात नाही, कारण एकदा आत गेलं की स्कूटरवाले बाहेर येऊ देत नाहीत. मग तो तिरकी उभी करतो, पुढचं दार कडेजवळ, मागचं रस्त्यात. आणि त्या मधल्या फटीतून, डावीकडून, मोटरसायकल जाते. उतरणाऱ्यानं आधी मागे बघायचं, पायरीवर उभं राहून.

म्हणून खाच नको. उलट फुटपाथच बसच्या लेनपर्यंत बाहेर आणायचा. बस लेनमध्येच थांबते, कडेला चिकटते, फटच उरत नाही. मागच्या गाड्या पंधरा-वीस सेकंद थांबतील, थांबू देत. थांब्याच्या आधी दीड-दोन बसच्या लांबीएवढी जागा मात्र खांब लावून मोकळी ठेवावी लागते, नाहीतर बस सरळ लागत नाही.

आणि फुटपाथ सलग १.८ मीटर मोकळा हवा. एखादा डीपी बॉक्स मध्ये आला की माणूस रस्त्यावर उतरलाच. धागाकर्त्यांनी लिहिलेली ती चालायची ८ मिनिटं फुटपाथ असेल तरच ८ आहेत.

स्नेहनगर

ताई, हे प्रिंट काढून नगरसेवकाला द्यावं असं आहे.

हिशेबनीस

पैशांचं कुणी लिहिलं नाही म्हणून. शहरात स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते असं धरा. १२ किलोमीटरला पाव लिटरपेक्षा थोडं जास्त, म्हणजे २८ रुपयांच्या आसपास. बसचं तिकीट २० जरी धरलं तरी एकट्या माणसाला आठच रुपयांची बचत. नवरा-बायको दोघं निघाले तर स्कूटरचे २८ तसेच राहतात, बसचे ४० होतात. मुलगा पुढे उभा राहिला तर प्रश्नच मिटला.

हप्ता, विमा, सर्व्हिसिंग, टायर धरले तर स्कूटर खूप महाग पडते हे खरं. पण ते पैसे आधीच गेलेले असतात. रोज सकाळी माणूस फक्त पेट्रोलचा विचार करतो. म्हणून सुटं तिकीट स्कूटरला कधीच हरवत नाही, पास हरवू शकतो, कारण पास काढला की बसचा पुढचा प्रवासही 'फुकट' वाटायला लागतो. पास सगळ्या मार्गांवर चालणारा हवा, आणि बस बदलली तरी नवं तिकीट नको. एका बदलासाठी दोनदा पैसे घेणं म्हणजे वाईट मार्गरचनेचा दंड प्रवाशाकडून वसूल करणं.

उजवं_दार

पैशाच्या मागे करार असतो, त्याबद्दल थोडं. मध्य प्रदेशात रोडवेज बंद करायचा निर्णय २००५ मध्येच झाला, महाराष्ट्रासारखी एसटी आपल्याकडे उरली नाही. इंदूरात सिटी बसची वेगळी कंपनी निघाली आणि २००६ पासून खाजगी ऑपरेटरच्या बस धावू लागल्या. त्या काळात देशात हे नवीनच होतं.

करार दोन तऱ्हेचे. पहिल्यात तिकिटाचे पैसे ऑपरेटरचे. मग तो भरलेल्या वेळीच बस काढतो, राजवाड्याला बस भरेपर्यंत उभी ठेवतो आणि रात्री नऊनंतर परवडत नाही म्हणून फेरी गाळतो. रात्रीची परतीची बस नाही हे कळलं की माणूस सकाळची बसही सोडतो. त्याला स्कूटर न्यावीच लागते. म्हणजे गाळलेल्या एका रिकाम्या फेरीनं सकाळची भरलेली फेरी रिकामी केली.

दुसऱ्या तऱ्हेत ऑपरेटरला किलोमीटरवर पैसे मिळतात, तिकीट सरकारचं. रात्रीची फेरी होते, पण प्रवासी घ्यायची ड्रायव्हरला गरज नसते, हात दाखवला तरी बस पुढे जाते. म्हणून दंडाचा तक्ता लागतो: गाळलेला थांबा, गाळलेली फेरी, वेळेआधी सुटणं, बंद जीपीएस, प्रत्येकाला ठरलेली कपात, आणि ती दर महिन्याच्या बिलातून खरोखर कापली गेली पाहिजे. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेली पीएम ई-बस सेवा, देशभरात १०,००० इलेक्ट्रिक बसची, ह्याच किलोमीटरच्या पद्धतीवर आहे. तेव्हा बस किती आल्या यापेक्षा तो तक्ता कसा आहे ते विचारा.

सुपरकॉरिडॉर

मेट्रोचं काय? ३१ मे २०२५ ला सुरू झाली. सहा किलोमीटर, पाच स्टेशनं.

वेळापत्रक

तो तुकडा सुपर कॉरिडॉरवर आहे, जिथे अजून वस्ती विरळ आणि रस्ता रुंद. स्कूटरला तिथे कसलीच अडचण नाही, म्हणून मेट्रोला तिथे फायदाही नाही. पूर्ण मार्ग साधारण ३१ किलोमीटरचं वर्तुळ आहे. विजयनगर, पलासिया, रेल्वे स्टेशन, राजवाडा जोडले गेले की चित्र वेगळं असेल. पण वर्तुळात एक दोष असतो: समोरच्या बाजूला जायचं तर अर्धा फेरा. आणि राजेंद्रनगर, सुदामानगर, अन्नपूर्णा हा आपला पश्चिमेचा भाग वर्तुळाच्या बाहेरच आहे, त्यांना स्टेशनपर्यंत आणणारी बस लागणारच.

आपल्याकडे एक गोष्ट मात्र तयार आहे, तिच्याकडे कुणी बघत नाही. इंदूर–महू रेल्वे. लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, राऊ ही स्टेशनं वस्तीतच आहेत, ब्रॉडगेज आहे, सिग्नल-चौराहे नाहीत. अडचण इतकीच की गाड्या लांब पल्ल्याच्या वेळांना धरून सुटतात, ऑफिसच्या वेळेला धरून नाही. सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ मध्ये अर्ध्या-अर्ध्या तासाला छोटी गाडी असती, तर एबी रोडच्या दक्षिण बाजूचा बराच भार तिनं घेतला असता.

नवा_पासधारक

हे सगळं व्हायचं तेव्हा होईल. आज कुणाला बस धरायचीच असेल तर काय करावं?

उजवं_दार

सरळ रेषेतला, बदल नसलेला प्रवास असेल तरच सुरुवात करा. एबी रोडवरचा असेल तर उत्तम. घरापासून ७०० मीटरच्या आत थांबा हवा, त्यापलीकडे असेल तर थांब्यापर्यंत सायकल.

ॲपवर बसचं चित्र दिसलं की लगेच निघू नका. अर्ध्या मिनिटानं पुन्हा बघा. चित्र हललं असेल तर बस खरी. हललं नसेल तर ती सिग्नलला असेल किंवा तिचं जीपीएस थिजलंय, आणखी एकदा बघून मग ठरवा. काही ॲप जीपीएस नसेल तेव्हा वेळापत्रकातली वेळ तशीच दाखवतात, 'लाइव्ह'ची खूण नसेल तर ती वेळ धरू नका. दोन बस पाठोपाठ दिसल्या तर दुसरी धरा, जागा मिळते. आणि परतीची शेवटची बस किती वाजता, हे आधी थांब्यावरच्या कंडक्टरला विचारून घ्या.

राजेंद्रनगर_फाटा

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा खूप मिळालं. वेळापत्रक, एक विचारतो: पालिकेकडे जायचं तर हातात काय असावं?

वेळापत्रक

थांब्यावरच्या नोंदी. तेवढ्याला कुणी नाही म्हणू शकत नाही. एका थांब्यावर, एकाच मार्गाची, सकाळी ८:३० ते १०:३० दोन तास, सोम ते शुक्र. कागदावर पाच रकाने: बस आल्याची वेळ मिनिट-सेकंदासह, बसच्या नंबरचे शेवटचे चार आकडे, दार किती सेकंद उघडं होतं, कडेपासून अंतर (जवळ किंवा लांब एवढंच), आणि किती जण मागे राहिले. दोन बसमधल्या वेळेच्या प्रत्येक अंतराचा, मिनिटांत, वर्ग करा, सगळ्यांची बेरीज करा, आणि दोन तासांच्या मिनिटांच्या दुपटीनं, म्हणजे २४० नं भागा. येईल ती खरी सरासरी वाट. ती फलकावरच्या आकड्याच्या निम्म्याशी ताडून बघा.

आठवड्यात एका थांब्यावर साधारण ५० ते ६० नोंदी होतील, पुरेत.

लोकमान्यनगर_ताई

मी महूनाका घेते. रकान्यात अजून एक वाढवा: मागच्या दारानं उतरलेले किती.

जवाहरमार्ग

राजवाडा मी करतो, पण तिथे मॅजिक आणि ई-रिक्षा वेगळ्या रकान्यात मोजणार.

राजेंद्रनगर_फाटा

चालेल. भंवरकुआ मी, विजयनगर कुणीतरी घ्या. घड्याळं मोबाइलचीच वापरा, म्हणजे सगळ्यांची वेळ एक राहील. सोमवारपासून.

सुपरकॉरिडॉर

विजयनगर माझ्याकडे. संध्याकाळी ६ ते ८ पण करतो, कारण तिथली खरी गर्दी परतीची आहे.